स्टेडियम कशाने थकते?

महापालिका हद्दीतल्या इमारतीला ३० वर्षे पूर्ण झाली की तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे महाराष्ट्रात मालकावर बंधनकारक आहे. हा निकष आपल्या मोठ्या क्रीडासंकुलांना लावून पाहावा. पुण्यात स्वारगेटजवळचे पंडित नेहरू स्टेडियम १९६९ चे, ठाण्याचे दादोजी कोंडदेव स्टेडियम १९८२ चे, अंधेरीचे शहाजीराजे क्रीडासंकुल १९८८ चे आणि पुण्याजवळची बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ ची. यांतली सर्वांत धाकटी बालेवाडीसुद्धा २०२४ मध्ये तिशी ओलांडून गेली. पाव शतकाच्या काळात बांधलेली ही सगळी संकुले आज डागडुजीच्या वयात आली आहेत. ती पाडावीत, विकासकाच्या हाती द्यावीत, की दुरुस्त करून चालवावीत, हा प्रश्न पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक महापालिकेपुढे येणार आहे.

या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याच्या अहवालात शोधायची आपल्याला सवय आहे. किती खांब कमकुवत, किती स्लॅब धोकादायक, खर्च किती. हा अहवाल हवाच. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही: या मैदानावर रोज हक्काने येणारी माणसे किती आहेत आणि त्यांना इथे काही बोलायची मुभा आहे का? माझे म्हणणे असे की स्टेडियमचे आयुष्य सिमेंटच्या प्रतीपेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरते. ज्या मैदानाशी रोजच्या खेळाडूचे नाते घट्ट आहे ते जुने झाले तरी जिवंत राहते. जे केवळ सोहळ्यांसाठी बांधले जाते, ते उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून थकू लागते.

हे मी कामणहून लिहितो आहे. कामणमध्ये स्टेडियम नाही. तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या कुशीतले, चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरचे हे गाव वसई-विरारच्या पूर्वेच्या टोकाला आहे. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की खाचराचे बांध सारखे करायचे, माती ठोकून खेळपट्टी करायची आणि मिरगाचा पाऊस येईपर्यंत टेनिस बॉलचे सामने खेळायचे, ही इथल्या पोरांची जुनी रीत. पाड्यापाड्यांत कबड्डी आहे. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची खाचरे आता गोदामांखाली आणि चाळींखाली जात आहेत. ज्या जमिनीवर वर्षातले सहा महिने फुकटात मैदान होत होते, ती जमीनच उरत नाही. म्हणून इथेही आज ना उद्या स्टेडियमची मागणी होणार, कुणीतरी ते मंजूर करून आणणार आणि कोनशिला बसणार. ती बसण्याआधी आपल्या आसपासच्या जुन्या स्टेडियमांचे काय झाले ते नीट पाहून घ्यावे.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. तोवर वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे ठाण्याचे दादोजी कोंडदेव स्टेडियम आमच्याच जिल्ह्याचे. पण कामणच्या मुलीला ते कधी आपले वाटले असेल असे नाही. कामण रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे आणि त्या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या. अंधेरीचे संकुल पश्चिम रेल्वेवर आहे म्हणून त्यातल्या त्यात सोयीचे. तरी पहाटेचा सराव गाठायचा तर अंधारात रिक्षाने वसई रोड, तिथून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलची गर्दी, परत येऊन शाळा. विरारचा पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दूल ठाकूर हे क्रिकेटचे किट खांद्यावर घेऊन याच लोकलने मुंबईची मैदाने गाठत मोठे झाले. त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. त्याच गाडीत चढता न आलेल्या, दोन महिन्यांत दमून सराव सोडलेल्या मुलांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. मैदानाचे अंतर हीसुद्धा निवड चाचणीच असते आणि ती गरिबाच्या मुलीला पहिल्याच फेरीत बाद करते.

स्टेडियम झिजते कसे, ते आता जवळून पाहू. कोकणपट्टीत पाऊस २ हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि हवेत खाऱ्या वाऱ्याचा अंश असतो. स्टेडियमच्या गॅलरीच्या पायऱ्या वरून प्रेक्षकांच्या बैठकी असतात, पण खालून त्याच खोल्यांचे छप्पर असतात. त्या खोल्यांत कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृहे, साहित्याचे कोठार आणि पुष्कळदा भाड्याने दिलेली दुकाने. उन्हाने काँक्रीट पसरते, थंडीत आकसते. त्यासाठी दोन भागांमध्ये फट ठेवलेली असते आणि ती लवचीक मसाल्याने बुजवलेली असते. हा मसाला काही वर्षांत वाळून तडकतो. तो वेळेवर काढून नवा भरणे हे स्टेडियमच्या हिशेबात किरकोळ काम आहे. ते झाले नाही की पावसाचे पाणी फटीतून खाली झिरपते, पिंपळाचे बी त्यात रुजते, सळ्यांना गंज चढतो. गंजलेली सळई मूळ सळईपेक्षा जास्त जागा घेते आणि आतून काँक्रीटला ढकलते. मग एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो आणि तांबूस सळ्या उघड्या पडतात.

पुढे काय होते ते महत्त्वाचे. ओल आलेल्या खोलीची वीज तोडली जाते, कारण शॉक बसायची भीती. खोली बंद झाली की तिला लागून असलेले स्वच्छतागृह बंद होते. अशा वेळी मुलींचेच आधी बंद होते, कारण त्या संख्येने कमी असतात. स्वच्छतागृह नाही म्हणून मुली येणे थांबते. मुली येत नाहीत म्हणून त्यांच्या प्रशिक्षिकेची वेळ रद्द होते. आता त्या भागाची तक्रार करणारेच कोणी उरत नाही आणि तक्रार नाही म्हणजे दुरुस्ती नाही. वाळलेल्या मसाल्याच्या एका फटीपासून एका अख्ख्या संघाच्या विसर्जनापर्यंतचा हा प्रवास आहे. त्यात काँक्रीटचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. फट सर्वांत आधी रोज येणाऱ्याला दिसते. त्याच्या सांगण्याला किंमत असती तर प्रकरण तिथेच मिटले असते.

वयामुळेच स्टेडियम निकामी होत असते तर मुंबईचे ब्रेबॉर्न आज उभे नसते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे हे मैदान १९३७ चे. १९७० च्या दशकात क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वितुष्ट आले. वादाचा मोठा मुद्दा सामन्यांच्या तिकिटांचा होता. संघटनेने शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर थेट २००९ मध्ये कसोटी सामना आला. ३६ वर्षे कसोटी नाही, तरी मैदान हिरवे आणि गॅलऱ्या सुस्थितीत. कारण क्लबचे सभासद तिथे रोज येत होते, पैसे भरत होते आणि जाबही विचारत होते. तो क्लब श्रीमंतांचा आहे, त्याची दारे सर्वांना उघडी नाहीत, हे खरेच. पण रोजचा हक्कदार असला की इमारत टिकते, हा धडा त्यातून घेता येतो. सार्वजनिक मैदानाला असा हक्कदार मिळवून देणे हे आपले काम आहे.

पुण्याच्या नेहरू स्टेडियमची कहाणी याच वळणाने सुरू झाली आणि वेगळीकडे गेली. महापालिकेच्या मालकीचे हे मैदान महाराष्ट्र संघाचे रणजीचे घर होते. डिसेंबर १९८४ मध्ये इथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, त्यात दिलीप वेंगसरकरने शतक केले आणि माइक गॅटिंगने शतकाने उत्तर देऊन सामना नेला. १९८७ च्या विश्वचषकाचा एक सामना इथे झाला. २९ फेब्रुवारी १९९६ ला तर क्रिकेटच्या इतिहासातला एक मोठा धक्का या मैदानाने पाहिला. पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या केनियाने १६६ धावा केल्या आणि ब्रायन लारा, रिची रिचर्डसन यांच्या वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले. मॉरिस ओडुंबेने १५ धावांत ३ बळी घेतले. सरसबागेच्या शेजारच्या, एसटी आणि पीएमटीने पोचता येणाऱ्या मैदानावर सामान्य पुणेकराने हे पाहिले.

नोव्हेंबर २००५ मधला भारत-श्रीलंका सामना हा इथला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसले, संघटनेने गहुंजे येथे द्रुतगती मार्गाच्या कडेला स्वतःचे स्टेडियम बांधले आणि ते २०१२ मध्ये सुरू झाले. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे मोठे क्रिकेट जुन्या मैदानावरून गेले ते पासांच्या आणि तिकिटांच्या भांडणाने. या भांडणात दोन बाजू होत्या, मालक आणि आयोजक. त्या मैदानावर रोज सराव करणारा मुलगा कोणत्याच बाजूला नव्हता. त्याला कोणी विचारले नाही आणि विचारावे असे कोणाला वाटलेही नाही. सामने गेल्यावर मैदान त्याच्या वाट्याला आले, तेव्हा सामन्यांबरोबर येणारे लक्ष आणि पैसा गेलेला होता.

आता ‘बहुउद्देशीय’ या आवडत्या विशेषणाकडे वळू. प्रत्येक मंजुरीपत्रात ते असते. त्यामागचा हेतू चांगला आहे: जमीन महाग, पैसा मर्यादित, म्हणून एकाच जागी सर्व खेळ. पण मैदानाची भूमिती हेतूला जुमानत नाही. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीला ८४.३९ मीटर लांबीच्या दोन सरळ बाजू असतात आणि टोकाची वळणे ३६.५० मीटर त्रिज्येची. म्हणजे आतल्या मोकळ्या जागेची रुंदी ७३ मीटर. त्यात १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉलचे मैदान बेताचे बसते. क्रिकेटची सीमारेषा मात्र खेळपट्टीपासून ६० ते ८० मीटरवर हवी, म्हणजे मैदान १२० मीटरहून रुंद. धावपट्टीच्या आत क्रिकेट बसत नाही. म्हणून जिथे क्रिकेट आणि ॲथलेटिक्स एकत्र आणले जातात तिथे सिंथेटिक धावपट्टी घालता येत नाही. क्रिकेटच्या हिरवळीवर चुन्याच्या रेघा मारून धावपट्टी आखावी लागते आणि क्रिकेटचा हंगाम आला की धावपटूंना बाहेर काढावे लागते. फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यभागी क्रिकेटची रोलर फिरवून टणक केलेली खेळपट्टी आली की तिथे पडणाऱ्याचा गुडघा फुटतो. सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या जागेत शेवटी ज्याची संघटना बलवान त्याचा खेळ राहतो.

जगाचा हा अनुभव घेऊन झाला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये उघडलेले ॲस्ट्रोडोम हे बंदिस्त, बहुउद्देशीय स्टेडियमचे पहिले मोठे उदाहरण. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल एकाच छपराखाली. छपराखाली गवत जगेना म्हणून कृत्रिम गवत आले. पुढे दोन्ही खेळ आपापल्या नव्या स्टेडियमांत निघून गेले आणि ही अवाढव्य वास्तू वर्षानुवर्षे रिकामी उभी आहे. कॅनडात माँट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. रिओचे १९५० चे माराकाना स्टेडियम २०१६ च्या ऑलिंपिकनंतर काही महिन्यांतच देखभालीच्या वादात बंद पडले, गवत वाळले, वीज तुटली. उलट मेलबर्नचे क्रिकेट मैदान १८५३ पासून चालू आहे. तिथे उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतात. दोन्ही खेळांना अंडाकृती मैदान चालते, हंगाम एकमेकांना आड येत नाहीत आणि गॅलऱ्या टप्प्याटप्प्याने नव्या होत राहतात. एका जागेत अनेक खेळ नांदू शकतात, पण त्यांचे आकार आणि वेळा जुळवूनच. आपल्याकडेही पावसात फुटबॉल, हिवाळ्यात क्रिकेट, पहाटे धावणे अशी वाटणी शक्य आहे. त्यासाठी वेळापत्रक लागते आणि ते दारावर लावून पाळण्याची धमक लागते.

बहुउद्देशीयपणाचा आपल्याकडे आणखी एक अर्थ रूढ झाला आहे: खेळ सोडून बाकी सर्व. अंधेरीच्या संकुलात १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. वानखेडेवर ३१ ऑक्टोबर २०१४ ला राज्याच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये लोकसभा निवडणुकीची मतमोजणी झाली. करोनाच्या साथीत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये रुग्णांसाठी खाटा टाकल्या गेल्या. या चार गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. साथ, पूर, आग अशा वेळी मोठे छप्पर समाजाच्या कामी आलेच पाहिजे आणि खेळाडू त्याला कधी नाही म्हणणार नाहीत. मतमोजणी ही लोकशाहीची गरज आहे, तिला जागा द्यावी. पण मतदानयंत्रांच्या सुरक्षेसाठी हॉल आठवडेच्या आठवडे ताब्यात राहत असेल तर त्या काळात सराव करणाऱ्यांची सोय दुसरीकडे करणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. नाचगाण्याचे कार्यक्रम, लग्नसमारंभ, पक्षांचे मेळावे यांचे मात्र भाडे पूर्ण वसूल व्हावे, दिवसांची मर्यादा आधी ठरावी आणि तो पैसा त्याच मैदानाच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा. खुर्च्यांचे पाय रुतलेले, मंडपाच्या खुंट्यांनी उसवलेले मैदान सारखे करायला महिना लागतो. तेवढा महिना कुणाच्या तरी जिल्हा स्पर्धेच्या आधीचा असतो.

बालेवाडीत या साऱ्याच्या चांगल्या-वाईट बाजू एकत्र पाहायला मिळतात. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ही क्रीडानगरी उभी राहिली. २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा मुळात चेन्नईला होती, ती ऐनवेळी इथे आली आणि विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्णपदक जिंकले. स्पर्धा ठरली की तिजोरी उघडते, रंगरंगोटी होते, धावपट्टी नवी होते. दोन स्पर्धांच्या मधल्या वर्षांत मात्र निधीची वाट पाहायची. सिंथेटिक धावपट्टी साधारण ८ ते १० वर्षांत बदलावी लागते, ती कोणतीही स्पर्धा येवो न येवो. हे बांधतानाच माहीत असते, तरी त्याची तरतूद बांधताना होत नाही. जून २०२१ मध्ये मंत्र्यांच्या बैठकीसाठी आलेल्या गाड्या थेट धावपट्टीपाशी गेल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. जिथे धावपटूला साध्या बुटांनी पाय ठेवू देत नाहीत तिथे मोटार जाऊ शकते, यावरून त्या जागेचा मालक कोण समजला जातो ते कळते.

त्याच बालेवाडीत नेमबाजीचे केंद्र आहे. तिथे सोहळा क्वचित आणि सराव रोज. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, बालेवाडीत सराव करत राहिला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. त्या पदकामागे हजारो प्रेक्षकांची गॅलरी नव्हती. चालू स्थितीतले लक्ष्यफलक, प्रशिक्षक आणि रोज उघडणारे दार होते.

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभे केले. खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. पण मैदानाच्याही आधी महाराजांनी मल्ल सांभाळले, तालमींना आश्रय दिला, खुराकाची सोय केली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींत रोज पहाटे माती उकरली जात होती, म्हणून खासबागेत कुस्ती लावायला पैलवान होते. कळस चढवायला आधी देऊळ लागते. तालमी आधी आणि मैदान नंतर हा क्रम शाहू महाराजांना कळला होता. आपण तो उलटा केला. आधी पंचवीस हजारांची गॅलरी बांधतो आणि मग तिच्यासमोर खेळायला कोण आहे ते शोधतो.

पैशाच्या मांडणीतही हाच उलटा क्रम आहे. २००३ पासून राज्यात विभागीय, जिल्हा आणि तालुका क्रीडासंकुलांची योजना आहे. तालुका संकुलासाठी मिळणारे अनुदान पुढे १ कोटींवरून ५ कोटींवर नेले गेले, ही वाढ स्वागतार्ह आहे. पण हा पैसा बांधकामाचा. संकुल चालवायचे, त्याची देखभाल करायची, त्यासाठीचा खर्च संकुल समितीने स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा अशी अपेक्षा असते. उत्पन्न कुठून? गाळे भाड्याने देऊन, हॉल समारंभांना देऊन, खेळाडूंकडून शुल्क घेऊन. म्हणजे संकुल जगवायचे तर त्यातून खेळ थोडा बाजूला सारावा लागतो. समितीत अधिकारी आणि लोकप्रतिनिधी असतात. मैदानावर घाम गाळणाऱ्यांचे प्रतिनिधित्व त्यांत नाममात्र. बांधकामाचा खर्च एकदाचा आणि दिसणारा, म्हणून तो करायला सगळे पुढे. देखभालीचा खर्च दरवर्षीचा आणि न दिसणारा. मसाला भरलेल्या फटीचे कोणी उद्घाटन करत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की जिथे नळाला पाणी नियमित येत नाही, रस्त्यांची चाळण झाली आहे, तिथे मैदानाच्या देखभालीची चैन कशाला? चिंचोटी-कामण रस्त्याने रोज जाणाऱ्याला हा आक्षेप पटकन पटेल. पण स्टेडियम बांधायचे नाही असे ठरवणे एक आणि कोट्यवधी खर्चून बांधल्यावर ते सडू देणे दुसरे. ज्या महापालिकेला पाण्यासाठी पैसा कमी पडतो, तिला वाया जाणारे बांधकाम तर अजिबात परवडत नाही. शिवाय मैदान ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी गोदामांच्या सावलीत, ट्रक उभे राहतात त्या पट्ट्यात, चेंडूमागे धावणारी पोरे एकदा पाहावीत. खेळ तर ती खेळणारच आहेत. सुरक्षित जागी की चाकाखाली, एवढेच आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप खासगीकरणाच्या बाजूने येतो. सरकारला मैदान सांभाळता येत नाही, मग ते ठेकेदाराला किंवा क्लबला चालवायला द्यावे, निदान स्वच्छता तरी राहील. हे काही ठिकाणी खरे ठरले आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण चालवणाऱ्याने गुंतवलेला पैसा शुल्कातून निघतो आणि शुल्क वाढले की पहिल्यांदा बाहेर जातो तो कामगाराचा मुलगा. तेव्हा खासगी हात घ्यायचे तर करारात दोन अटी लिहिलेल्या हव्यात. सकाळचे आणि संध्याकाळचे ठरावीक तास पालिका शाळांतील आणि परिसरातील मुलांसाठी विनामूल्य असावेत आणि तो करार मैदानाच्या दारावर सर्वांना वाचता येईल असा लावलेला असावा. या अटी मान्य नसणाऱ्याला मैदान देऊ नये.

आता वसई-विरारकडे. इथे खेळाची भूक जुनी आहे. वर्षअखेरीस चिमाजी आप्पा मैदानावर भरणारा वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव तालुक्यातल्या मुलांना वर्षानुवर्षे एकत्र आणतो आहे. २०११ पासून वसई-विरारची मॅरेथॉन धावली जाते. पश्चिमेच्या गावांत ख्रिस्ती धर्मग्रामांची मैदाने आहेत, तिथल्या लोकांनी ती राखली म्हणून ती टिकली. पूर्वेकडे मात्र शहर ज्या वेगाने वाढले त्या वेगात सार्वजनिक जागा गिळल्या गेल्या. सिडकोने केलेल्या विकास आराखड्यात बागा, मैदाने, शाळा यांसाठी आरक्षणे होती. आरक्षित जागेकडे डोळेझाक केली की काय होते, ते नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत अख्ख्या राज्याने पाहिले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडाव्या लागल्या. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. जागा वेळीच कुंपण घालून राखली असती तर ना ती बळकावली गेली असती, ना कुणाचा संसार उघड्यावर पडला असता. मैदानांच्या आरक्षणांचे तरी असे होऊ नये.

म्हणून कामणसारख्या गावासाठी माझी पहिली मागणी स्टेडियमची नाही. आधी आरक्षित मैदाने मोजून, त्यांच्या हद्दी आखून, कुंपण घालून ती गावाच्या स्वाधीन करावीत. त्यांवर पाणी निचरा होईल अशी माती, कबड्डी-खोखोचे आखलेले मैदान, पिण्याचे पाणी, मुलींसाठी कुलूप नसलेले स्वच्छतागृह आणि संध्याकाळचे दिवे एवढेच द्यावे. गॅलरी नको. अशी दहा मैदाने पूर्वपट्ट्यात झाली आणि त्यांवर पगारी प्रशिक्षक आले, की पाच वर्षांत कुठला खेळ इथे मूळ धरतो ते आपोआप कळेल. मग त्या खेळासाठी, त्याच्या मापाचे स्टेडियम बांधावे. कबड्डी असेल तर बंदिस्त सभागृह, धावणे असेल तर धावपट्टी. सगळ्यांसाठी म्हणून कुणाच्याच कामाचे नसलेले अंडाकृती बांधकाम नको.

ते बांधायची वेळ येईल तेव्हा चार गोष्टी मंजुरीच्या ठरावातच याव्यात. बांधकामाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा देखभाल निधी म्हणून पहिल्या दिवशी वेगळ्या खात्यात जमा व्हावा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येऊ नये. समितीत निम्म्या जागा प्रशिक्षक, खेळाडू आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांच्या असाव्यात, त्यांत मुलींच्या संघांचे प्रतिनिधी असावेतच. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांचे दिवस वर्षारंभी जाहीर व्हावेत. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर होणारी तपासणी लोकांसमोर मांडली जावी. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी तीस वर्षे थांबायची काय गरज? फट दर मे महिन्यात बघता येते.

जुन्या स्टेडियमांनाही हाच न्याय लावावा. नेहरू स्टेडियम, अंधेरी, ठाणे, बालेवाडी यांच्या भवितव्याचा निर्णय घेताना जमिनीच्या बाजारभावाचा विचार होईल, विकासकांचे आराखडे पुढे येतील, नव्या भव्य संकुलांची चित्रे दाखवली जातील. शहराच्या मध्यावर, बसने आणि लोकलने पोचता येणारी ही मैदाने एकदा हातची गेली की तशी पुन्हा मिळणार नाहीत. गहुंजेला गेलेले क्रिकेट स्वारगेटच्या पायी येणाऱ्या प्रेक्षकाकडे परत आले नाही. त्यामुळे दुरुस्ती शक्य असेल तिथे दुरुस्तीच करावी. पाडावेच लागले तर त्याच जागी तेवढेच मोकळे मैदान आधी कायद्याने बांधून घ्यावे, मग कुदळ मारावी.

कामणला किंवा कुठल्याही गावाला स्टेडियम मंजूर झाले असे कोणी सांगत आले, तर गावाने त्याला किती हजार प्रेक्षक बसतील हे विचारू नये. उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी, भर जुलैत, सकाळी सहा वाजता या मैदानाचे दार कोण उघडणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार आणि दार उघडले नाही तर तक्रार घेऊन कुणाकडे जायचे, हे विचारावे. याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय भूमिपूजनाचा नारळ फोडू देऊ नये.